मुकी ऐरण

किहीम, ४ जुलै २०२४

प्रिय शिवदासमामा,

तुम्हाला आणि नीरामामीला नमस्कार.

भाचीचं पत्र बघून काही विपरीत तर घडलं नाही ना, असं वाटून घेऊ नका. यार्डातला तो टायर फुटून तुमचे कान गेले तेव्हापासून फोनचा उपयोग नाही, आणि मोबाईलवर लिहायला तुमची बोटं जाडी पडतात असं तुमचा अल्पेश म्हणाला. मग म्हटलं, शाळेत मुलांना पत्रलेखन शिकवते ते स्वतःही करावं.

एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या घरात तुमच्याशिवाय कुणालाच विचारता येणार नाही. ऐरण कशी निवडायची?

हसू नका. मे महिन्यात अलिबागला तीन दिवसांच्या वर्गात मी तांब्याचा पत्रा ठोकायला शिकले. एक पान केलं, पिंपळाचं म्हणून सुरू केलं आणि वडाचं झालं. पण ते ठोकताना तीन तास कुठे गेले कळलं नाही. आता मागच्या पडवीत एक टेबल मांडलंय. सध्या लोखंडी खल उलटा घालून त्याच्या बुडावर ठोकते. तो फिरतो, उडतो आणि मसाल्याचा वास येतो. एक लहानशी ऐरण हवी, मला एकटीला उचलता येईल अशी.

मन कुठेतरी गुंतवायला हवंच आहे, मामा. शाळेत बरं चाललेलं नाही. सुचिताबाई मुलांचं ऐकून घेत नाहीत, अशी तक्रार पालकांनी केली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर तिसरीचा वर्ग प्राप्तीबाईंना देऊ आणि तुम्ही ऑफिसचं काम बघा. सतरा वर्षं तिसरीला शिकवतेय मी. ही हल्लीची मुलंच पुटपुटतात, तोंडातल्या तोंडात. परवा केसर नावाच्या मुलीला चार वेळा उभी करून मोठ्याने बोलायला लावलं, तर रडायलाच लागली. हा माझा दोष?

तुमचा जावई निकेत जहाजावर आहे, फेब्रुवारीशिवाय येत नाही. नेत्रा पुण्याला. घरात मी आणि उलटा खल.

तुमची,
सुचिता


उरण, ११ जुलै २०२४

चि. सुचिता,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. नीराबाईला वाचून दाखवलं तर म्हणाली, “पोरीला सोनारीन व्हायचा हाय का लोहारीन?” मी म्हटलं, दोन्ही नाही, ती बाई आहे शाळेतली.

खलाला आधी सोडून दे. त्याचा काहीच अपराध नाही.

मी यार्डात अठ्ठावीस वर्षं कंटेनरचे पत्रे सरळ केले, तेव्हा तुझ्या नाजूक कामातलं मला फार कळत नाही. पण ऐरण ती ऐरण. काय बघायचं ते लिहितो.

वजन: तुझी हातोडी पाव किलोची असेल. ऐरण तिच्या निदान वीस-पंचवीस पट हवी. हलकी असली तर घाव पत्र्याला बसण्याऐवजी ऐरणच टेबलभर नाचते. सात-आठ किलोची घे.

माथा: वरून हात फिरव. खड्डा, ओरखडा असेल तर तो तुझ्या प्रत्येक पानावर छापला जाईल. कडा सुरीसारख्या नकोत, किंचित मारलेल्या असाव्यात.

धातू: बिडाची घेऊ नकोस. दिसायला ऐरण, वागायला दगड. पोलादाची हवी. ते ओळखायला सोबत बेअरिंगची गोळी पाठवतोय. फूटपट्टी उभी धर, दहा इंचांवरून गोळी माथ्यावर सोड. सात-आठ इंच उसळली तर पोलाद. तीन-चारच उसळली तर दुकानदाराला नमस्कार कर आणि निघ.

आणि सगळ्यांत आधी, कान. हातोडीने हलकेच टकोर मार. चांगली ऐरण गाते, देवळातली घंटा लांबत जाते तशी. चीर गेलेली असेल तर ठप्प म्हणते आणि गप्प बसते. माझ्या उस्तादाने मला हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं: गाते ती घे.

पोरं पुटपुटतात म्हणतेस. खरं असेल. तोंडात गोळी ठेवून बोलत नाहीत ना ते बघ.

शिवदासमामा


किहीम, २८ जुलै २०२४

प्रिय मामा,

तुमची गोळी पाकीट फोडून बाहेर आली होती. टपालवाल्या ताईंनी पाकीट एका हातात आणि गोळी दुसऱ्या हातात अशी आणून दिली. म्हणाल्या, “मॅडम, कुनी आहेर पाठवलाय का?”

मी घाई केली, ते आधी कबूल करते. तुमचं पत्र यायच्या आदल्याच दिवशी मोबाईलवरून एक ऐरण मागवली होती. निळी, चकचकीत, पाच किलोची. गोळी सोडली, तीन इंच. पुन्हा सोडली, तीन इंच. फूटपट्टी तिरकी तर नाही ना, म्हणून शाळेतली दुसरी आणली. तीनच. मग निळ्या रंगावर नखाने खरवडलं, तर खाली खरबरीत बीड. परत पाठवली.

पण मामा, मजा किती आली! गेले आठ दिवस मी गोळी घेऊन फिरतेय. घराच्या पायरीवर सोडली, पाट्यावर सोडली, किहीमच्या बंधाऱ्याच्या दगडावर सोडली. पाटा साडेपाच इंच! वस्तू बाहेरून सारख्या दिसतात आणि आत किती वेगळ्या असतात, हे एका गोळीने कळतं. माणसांसाठी अशी गोळी असती तर मुख्याध्यापिकांवर पहिली सोडली असती.

आता खरी कुठे मिळेल? भंगारात रुळाचा तुकडा बघू का?

कुकरची शिट्टी बिघडलीय, आज तिसऱ्यांदा डाळ करपली. नवी आणायला हवी.

सुचिता


उरण, ३ ऑगस्ट २०२४

चि. सुचिता,

पाटा साडेपाच, हे मलाही माहीत नव्हतं. मग मी आमचा मोजला. पाच. नीराबाई म्हणाली, “हाडं झिजली तुझी, आता पाटा मोजत बस.”

रुळाचा तुकडा वाईट नाही, पण तो लांबलचक वाजतो आणि माथा गोल असतो. घासून सपाट करायला तुला माणूस लागेल. त्यापेक्षा पोयनाडला जा. बाजाराच्या मागे भागोजी म्हणून म्हातारा आहे. तांब्या-पितळेची भांडी दुरुस्त करायचा, आता हात थकले म्हणून बंद केलंय. त्याच्याकडे लहान ऐरणी होत्या, मी स्वतः वाजवून पाहिलेल्या, कान होते तेव्हा. माझं नाव सांग. दर सांगितला तर लगेच हो म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस, चहा घे.

गोळी आणि टकोर, दोन्ही करून बघ. दोघांचं एकमत झालं तरच घे.

कुकरची शिट्टी उलटी धरून त्यातून फुंकर मार. भात अडकला असेल.

मामा


किहीम, २५ ऑगस्ट २०२४

प्रिय मामा,

भागोजींकडे जाऊन आले. रिकाम्या हाताने परत आले, आणि आता ठरवता येत नाही की चूक केली की बरं केलं.

त्यांनी पडवीतून गोणपाट ओढून काढलं, आत तीन ऐरणी. दोन फार मोठ्या. तिसरी माझ्या मापाची, साडेसात किलो, एका बाजूला चोच, माथा असा की हात फिरवताना पाण्यावर फिरवल्यासारखा वाटला. गोळी सोडली. आठ इंच, मामा! मला तर तिथेच नाचावंसं वाटलं.

मग टकोर मारली. ठप्प.

पुन्हा मारली, बाजूला मारली, चोचीवर मारली. ठप्प, ठप्प. मी म्हटलं, “भागोजीकाका, ही वाजत नाही हो. चीर तर नाही ना गेलेली?” ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, “वाजत न्हाय? आवो बाई, ही वाजली का समोरचं कुत्रं उठून जातंय. बघा की, गेलं.” कुत्रं खरंच उठून गेलं होतं. पण कुत्री काय, उठून जातातच. विकणारा माणूस कुत्र्यालासुद्धा साक्षीदार करतो.

भिंग घेऊन चीर शोधली, नाही सापडली. तरी तुमचा नियम आठवला: एकमत झालं तरच. गोळी हो म्हणते, टकोर नाही म्हणते. निघताना भागोजीकाका पुटपुटले काहीतरी, ते मला कळलं नाही.

असं कसं होऊ शकतं? या कोड्यापायी मला झोप लागत नाही.

शिट्टीत भात नव्हता. नवी आणली, तीही तशीच.

सुचिता


उरण, १ सप्टेंबर २०२४

चि. सुचिता,

कोडं मलाही पडलंय. आठ इंच उसळी देणारी ऐरण ठप्प म्हणत नाही. पण कधीकधी ती ठेवलेली असते मऊ जागेवर. गोणपाटावर होती का? हात टेकलेला होता का? हातात धरलेली घंटा वाजते का?

ऐरण काही दिवस बघायला मागून आण, माझ्या भरवशावर भागोजी देईल. लाकडाच्या कोरड्या ओंडक्यावर ठेव. उंची अशी: बसून काम करणार असशील तर माथा कोपराच्या चार बोटं खाली.

आणि आता माझी स्वतःची युक्ती सांगतो, ती उस्तादाची नाही. कान गेल्यावर मला ऐरणी कशा तपासायच्या हे नव्याने शोधावं लागलं. नीराबाई मिठागरावर जायची, आपल्या घरात मीठ कमी नव्हतं. बारीक मीठ घे, कोरडं, चिमूटभर. ऐरणीच्या चोचीवर पसर. मग मागच्या बाजूला टकोर मार आणि मिठाकडे बघ. चीर असेल तर मीठ जागचं हलतं न हलतं. धड असेल तर कण नाचतात, धावतात, एका रेघेत जाऊन उभे राहतात. यार्डात पोरं हसायची, “शिवदासदादा ऐरणीला मीठ लावून खानार.” पण माझी निवड कधी चुकली नाही.

करून बघ आणि जसं दिसेल तसं लिही.

मामा


किहीम, २२ सप्टेंबर २०२४

प्रिय मामा,

गणपतीत पत्र लिहायला सवड झाली नाही. नेत्रा आली होती पाच दिवस, तिच्यासोबत जाऊन ऐरण आणली. सुरूच्या ओंडक्यावर बसवली.

मीठ नाचलं! कण उड्या मारत चोचीच्या टोकाकडे धावले, आणि मध्ये एक बारीक पांढरी रेघ उरली. मी किती वेळा केलं असेल, मोजलं नाही. पुसायचं, पसरायचं, टकोर, की पुन्हा तीच रेघ. म्हणजे ऐरण आतून थरथरते आहे. चीर नाही. गोळी आठ इंच. ओंडका कोरडा, खाली गोणपाट नाही, हात टेकलेला नाही.

आणि तरीही आवाज ठप्प. बोट ठेवलं तर बोटाला झिणझिण लागते, आवाज मात्र नाही. मुकी ऐरण असते का, मामा? सगळं आत होतं पण बाहेर येत नाही, अशी?

नेत्राचं काय सांगू. मी टकोर मारली की दोन्ही कानांवर हात, “आई बास, दातात जातंय.” हल्ली तिला माझं काहीच सहन होत नाही. टीव्ही लावला तरी ओरडते. मी हौसेने काही करायला घेतलं की तोंड वाकडं. जाताना बसमध्ये चढताना काहीतरी म्हणाली, मी हात हलवला.

शाळेत मुख्याध्यापिका वर्गात मागे येऊन बसल्या होत्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. दिवाळीला महिना राहिला.

सुचिता


उरण, २७ सप्टेंबर २०२४

चि. नेत्रा,

आशीर्वाद. तुझ्या आईचा मामा लिहितोय. पत्ता अल्पेशने दिला. एकच विचारायचं आहे, खरं सांग आणि आईला इतक्यात बोलू नकोस. पडवीतली ती ऐरण तू ऐकलीस ना? ती कशी वाजते?

शिवदास आजोबा


पुणे, २ ऑक्टोबर २०२४

शिवदास आजोबा,

नमस्कार. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला पत्र लिहितेय, चुका झाल्या तर आईला दाखवू नका.

ती ऐरण भयंकर वाजते. टिंऽऽ अशी, आणि थांबतच नाही. शेजारच्या आवडाबाई विचारायला आल्या होत्या की घरात पूजा आहे का. आई म्हणाली, “कसली पूजा?” आणि पुन्हा टकोर मारली, वाकून, कान जवळ नेऊन. मग माझ्याकडे बघून मान हलवली, “बघ, मुकी.” मला वाटलं, चेष्टा करतेय. मग तिचा चेहरा बघितला.

मला दोन वर्षांपासून वाटतंय. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, मोबाईलची रिंग. मागच्या दिवाळीत मी म्हटलं, आई, कान दाखवून घे. ती दोन दिवस बोलली नाही. तेव्हापासून मी म्हणत नाही. मी फक्त मोठ्याने बोलते आणि तिला वाटतं मी चिडलेय.

बसमध्ये चढताना मी “सांभाळून राहा” म्हटलं होतं.

नेत्रा


उरण, ५ ऑक्टोबर २०२४

चि. सुचिता,

हे पत्र लिहायला मी काल रात्रीपासून बसलोय. तू सांगितलेलं सगळं मी पाटीवर मांडलं, जसं तू मुलांना गणित मांडायला लावतेस. गोळी, माथा, ओंडका, मीठ, बोट. सगळे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एकटी टकोर. आपण दोघं ऐरणीत दोष शोधत बसलो. ज्याने ती टकोर ऐकायची, त्याच्याकडे आपण बघितलंच नाही.

ऐरण मुकी नाही. ती चांगली गाते. समोरच्या कुत्र्याला ऐकू आली, आवडाबाईंना ऐकू आली, नेत्राला ऐकू आली. होय, मी तिला विचारलं. रागावायचं तर माझ्यावर रागाव.

कान एकदम जात नाहीत, सुचिता. वरून जातात. आधी रातकिडे जातात, मग शिट्टी. मग पोरांचे आणि बायकांचे आवाज. शब्द येतो पण त्याच्या कडा येत नाहीत, म्हणून समोरचा पुटपुटतोय असं वाटतं. पुरुषांचे जाड आवाज राहतात. मुकादमाच्या शिव्या मला शेवटपर्यंत ऐकू येत होत्या.

चूक माझी आहे. स्वतः बहिरा असून मी तुला कानाची परीक्षा पहिली सांगितली. उस्तादाचं वाक्य जिभेवर होतं. मीठ माझं होतं, ते आधी सांगायला हवं होतं.

अलिबागला जाऊन तपासून घे. दिवाळीच्या आत.

मामा


किहीम, ९ ऑक्टोबर २०२४

शिवदासमामा,

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. तुमचे कान स्फोटाने गेले, माझ्याकडे कसलाही स्फोट झालेला नाही. माझ्या मुलीला माझ्या पाठीमागे पत्र लिहून माझ्याबद्दल विचारायचं, हे मला आवडलं नाही.

आणि मुख्याध्यापिकांना मी काय सांगू? मुलं पुटपुटत नाहीत, बाईच बहिरी आहे? मग वर्ग दिवाळीची वाटसुद्धा बघणार नाही, उद्याच जाईल.

ऐरण रविवारी भागोजीकाकांना परत करते.

सुचिता


उरण, १४ ऑक्टोबर २०२४

चि. सुचिता,

माझे कान स्फोटाने गेले नाहीत.

टायर फुटला होता, ते खरं. मी जवळ उभा होतो, तेही खरं. पण त्याच्या आधी अकरा वर्षं मला कमी ऐकू येत होतं. यार्डात कळलं असतं तर हातोडा काढून घेऊन मला गेटवर बसवलं असतं. म्हणून मी तोंडं वाचायला शिकलो, हसणाऱ्यांबरोबर हसायला शिकलो. टायर फुटला तेव्हा मला बरं वाटलं, सांगायला कारण मिळालं. हे आजवर कुणाला माहीत नव्हतं. काल नीराबाईला सांगितलं, आज तुला.

यार्डातली नोकरी मी वाचवली. काय घालवलं ते ऐक. नीराबाईला संध्याकाळी गोष्टी सांगायची सवय होती. मिठागरावर कोण कोणाला काय म्हणालं, कुणाच्या सुनेने काय केलं, नकला करून सांगायची. मी “हं, हं” करायचो. नको तिथे हसायचो. ती तोंडाकडे बघायची. मग गोष्टी आखूड झाल्या. मग “जेवायला बसा” एवढंच उरलं. काल मी खरं सांगितलं तर ती चुलीपुढून उठलीच नाही. मला तिचं तोंड दिसेना, म्हणून मी समोर जाऊन बसलो. म्हणाली, “मना वाटला, तुला माजा कंटाला आला.”

तेवीस वर्षं तिला तसं वाटत होतं, सुचिता. तू मला पत्र लिहू शकतेस. तिला लिहिता येत नाही. तोंड वाचून मला एखादं वाक्य कळतं, पण त्या गोष्टी आता माझ्यापर्यंत यायचा रस्ता नाही.

वर्ग जाईल का राहील, मला माहीत नाही. पण लपवून ठेवलेला वर्ग तुझ्याकडे राहिला, तरी मुलं हळूहळू तुला सांगणं बंद करतील. ती केसर काय सांगत होती चार वेळा, तुला कधी कळलं का?

ऐरण परत करायची तर कर. ती चांगली आहे, दुसऱ्या कुणाला मिळेल.

मामा


किहीम, २६ ऑक्टोबर २०२४

प्रिय मामा,

शेवटचं आधी सांगते, म्हणजे तुम्हाला पत्र भराभर उलटावं लागणार नाही. वर्ग माझ्याकडे राहिला आहे, पुरता नाही, पण राहिला आहे.

दसऱ्यानंतरच्या रविवारी ऐरण पिशवीत घालून निघाले होते. एसटीत शेजारी एक बाई बसली, तिची मुलगी मला काहीतरी विचारत होती आणि मी “हो हो” म्हणत होते. ती पोरगी आईकडे बघून गप्प झाली. अगदी तसंच, जसं तुम्ही मामीचं लिहिलंत. तेव्हा तुमचं पत्र यायचं होतं, गुरुवारी आलं, पण वाचताना मला त्या पोरीचाच चेहरा दिसत होता. ऐरण मात्र भागोजीकाकांनी परत घेतलीच नाही. मी मोठ्याने सांगितलं, “काका, दोष हिच्यात नाही, माझ्या कानात आहे.” कुणाला सांगायची ही पहिलीच वेळ. ते म्हणाले, “मला त्या दिवशीच कळलं व्हतं. पन गिऱ्हाइकाला कसं सांगू?” दर सांगितला, मी चहा घेतला.

मुख्याध्यापिकांना मी तपासणीचा कागदच दाखवला. दोन्ही कानांतलं वरचं ऐकणं बरंच गेलंय, आत्ताचं नाही, सात-आठ वर्षांचं असावं. कानाचं मशीन पुढच्या महिन्यात येईल. पत्रा ठोकताना कानांत बोळे घालायचे, कारण उरलेलं सांभाळायचं आहे. बाईंनी कागद दोनदा वाचला. “हे आधी का नाही सांगितलंत?” मी म्हटलं, “मला आधी माहीत नव्हतं,” मग थांबले आणि म्हटलं, “माहीत करून घ्यायचं नव्हतं.” ठरलं असं: दिवाळीनंतर दोन महिने प्राप्तीबाई माझ्याबरोबर वर्गात बसतील, त्यानंतर बघू. मला ते बोचलं. पण मी हो म्हटलं.

केसरच्या घरी जाऊन आले. त्या दिवशी ती उत्तर सांगतच नव्हती. तिला लघवीला बाहेर जायचं होतं, आणि मी तिला चार वेळा सगळ्या वर्गासमोर मोठ्याने सांगायला लावलं. मी माफी मागितली तर म्हणाली, “बाई, मी तर ओरडूनच सांगत होते.” आईने तिला दटावलं. मी म्हटलं, दटावू नका.

नेत्राला फोन केला. ती बोलली आणि मी म्हटलं, पुन्हा सांग, सावकाश. ती थोडा वेळ रडली असावी. रडणंसुद्धा नीट ऐकू येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

आता तपासणीचं सांगते, जे अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

अलिबागच्या दवाखान्यात कपाटाएवढी एक खोली आहे, भिंतींना गादी लावलेली. हेमाली नावाच्या मुलीने मला आत बसवलं, कानांवर डबे चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे ती बसली. पहिले दोन-तीन आवाज आले, मी दाबलं. मग काही येईना. पण माझ्या लक्षात आलं की ती समोरची कळ फिरवते तेव्हा तिचा खांदा किंचित हलतो. मामा, मी खांदा बघून बटण दाबायला लागले. ठरवून नाही. अंगठाच दाबत होता. परीक्षेला बसलेल्या मुलांच्या पाठीमागून मी वर्षानुवर्षं फिरले, कोण कुणाच्या वहीत बघतंय ते मला लांबून कळतं. आणि मी तेच करत होते. छान चाललं होतं. हेमाली मान डोलावत होती.

मग माझ्या डोक्यात आलं की असं यार्डात अकरा वर्षं चालतं.

मी डबे काढले आणि काचेवर टकटक केलं. ती दार उघडून आली. मी म्हटलं, “पहिल्यापासून घ्या. मी तुमचा खांदा बघून दाबत होते.”

ती रागावली नाही, हसलीही नाही. बाहेर गेली आणि काचेवरचा पडदा ओढून घेतला.

मी डोळे मिटले. बराच वेळ काहीच आलं नाही. मी काहीच दाबलं नाही.

तुमची,
सुचिता